बाईंना विचारा : एसावाचा मुका खरा होता का?

गेल्या अंकात याकोबाच्या कुस्तीवर मी दीड पान लिहिलं आणि या वेळी पोस्टमनने माझ्या पत्रांना चक्क रबर लावून गठ्ठा दिला. एकतीस वर्षं ठाण्यात मराठी शिकवलं, त्यामुळे आधी ऱ्हस्व-दीर्घावर लाल पेन फिरवलं आणि मग पत्रं वाचली. सवय काही सुटत नाही. अर्ध्या पत्रांत एकच आश्चर्य : बाई, तुम्ही ज्यू आहात हे ठाऊकच नव्हतं! आहे बाबांनो. बेने इस्राएल. आमचे पूर्वज कुलाबा, म्हणजे आताच्या रायगड, जिल्ह्यात तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी बैल सोडून ठेवायचे, म्हणून गावकरी त्यांना शनवार तेली म्हणायचे. घरात पिढ्यान्‌पिढ्या मराठीच. माझे वडील देवाला हिब्रूत हाक मारायचे, पण देवाशी भांडायचे मराठीत.

ज्यांच्या हाती तो अंक लागला नाही, त्यांच्यासाठी तोरातली, म्हणजे आमच्या मूळ धर्मग्रंथातली, ती गोष्ट थोडक्यात. इसहाक आणि रिबकेला जुळे मुलगे. थोरला एसाव, शिकारी, अंगभर केस. धाकटा याकोब, भावाची टाच धरून जन्मलेला. एकदा एसाव रानातून भुकेने कासावीस होऊन आला, तेव्हा याकोबाने मसुरीच्या कालवणाच्या बदल्यात त्याचं थोरलेपण शपथेवर विकत घेतलं. पुढे बापाची नजर गेली. तेव्हा हाताला आणि मानेला करडाची कातडी गुंडाळून, ‘मी एसाव’ असं सांगून त्याने थोरल्याचा आशीर्वादही पदरात पाडून घेतला. एसाव जिवावर उठला. याकोब मामाकडे पळाला आणि २० वर्षं तिथेच राहिला. परतताना कळलं की भाऊ ४०० माणसं घेऊन सामोरा येतोय. त्या रात्री यब्बोक नदीकाठी कुणी अनोळखी पुरुष त्याच्याशी पहाटेपर्यंत झुंजला. याकोबाचा खुबा निखळला आणि त्याला नवं नाव मिळालं : इस्राएल. दुसऱ्या दिवशी भाऊ भेटले. एसाव धावत आला, मिठी मारली, मुका घेतला, दोघं रडले.

प्रश्न : देवाशी कुस्ती खेळणाऱ्याला देव आशीर्वाद कसा देतो? आमच्याकडे देवघरासमोर आवाज चढवला तरी आई रागावते. (कॉलेजविद्यार्थिनी, नेरूळ)

आईला सांग, जनाबाईने विठोबाला कसकशा शिव्या घातल्यात ते एकदा वाच म्हणावं. ज्याच्यावर हक्क वाटतो त्याच्याशीच माणूस भांडतो.

इस्राएल या नावाचा अर्थ मूळ वाक्यातच दिलाय : ‘तू देवाशी आणि माणसांशी झगडलास आणि निभावलंस.’ म्हणजे आमचं नावच भांडणातून आलेलं. आणि याकोब पहिला नव्हे. देव सदोम नगराचा नाश करायला निघतो, तेव्हा याकोबाचा आजोबा अब्राहाम त्या नगरासाठी देवाशी घासाघीस करतो : ५० सज्जन सापडले तर वाचवशील? ४५? ४०? असं करत करत १० वर आणतो. स्टेशनच्या बाजारात कोथिंबिरीच्या जुडीसाठीही इतकं कोणी ताणत नाही.

तो पुरुष कोण होता, हे मात्र ग्रंथ सांगत नाही. ‘एक पुरुष’ एवढंच. अकराव्या शतकातला फ्रान्समधला टीकाकार राशी म्हणतो, तो एसावाचा रक्षक देवदूत होता. राशीचा नातू रश्बाम म्हणतो, याकोब त्या रात्री दुसऱ्या वाटेने पळ काढायच्या बेतात होता आणि त्याला पळता येऊ नये म्हणून देवदूताने धरून ठेवलं. आजोबा आणि नातू, दोन मतं. आमच्या टीकाग्रंथांत मूळ मजकूर पानाच्या मध्ये असतो आणि भोवती हे सगळे टीकाकार दाटीवाटीने बसलेले असतात. कोणी कोणाला पानाबाहेर काढत नाही. मला स्वतःला नातवाचं म्हणणं पटतं. का, ते पुढच्या उत्तरात येईलच.

जाता जाता एक गंमत. बायकामुलं, गुरंढोरं सगळी नदीपार गेल्यावर याकोब एकटाच मागे का राहिला? तालमूद, म्हणजे आमच्या जुन्या धर्मगुरूंच्या चर्चांचा ग्रंथ, सांगतो, विसरलेली छोटी मडकी आणायला! माझ्या वडिलांनी हॉर्लिक्सची एक रिकामी बाटली कधी टाकू दिली नाही. आई कुरकुरली की ते याकोबाच्या मडक्यांचा दाखला द्यायचे.

प्रश्न : बाई, सप्रेम नमस्कार. तुमचा लेख वाचून रात्री झोप लागली नाही. खारेगावात आमच्या वडिलांचं घर. मी नोकरीनिमित्त नाशकात असताना धाकट्याने वडिलांना रजिस्ट्रारकडे नेलं आणि बक्षीसपत्र करून घर स्वतःच्या नावावर करून घेतलं. वडिलांना तेव्हा धड ऐकूही येत नव्हतं. नऊ वर्षं आम्ही बोलत नाही. वडिलांच्या दहाव्याला घाटावर दोघं दोन टोकांना उभे होतो. गेल्या रविवारी तो मुलीच्या लग्नाची पत्रिका घेऊन आला. पाया पडला. बायकोने पाणी दिलं. मी पेपर वाचत बसलो. तुमच्या गोष्टीत फसवणाराच मोठा झाला, अख्ख्या लोकांना त्याचं नाव मिळालं. मग एसावाने काय करायचं? आणि एसावाने मुका घेतला तो मनापासून होता का? लग्न मार्गशीर्षात आहे. (नाव छापू नये, कळवा)

दादा, एसावाची बाजू विचारायला तुम्ही चुकीच्या दारात आलात. मी याकोब आहे. पण आलाच आहात तर बसा.

आधी ‘फसवणारा मोठा झाला’ हे तपासू. तोरा याकोबाला शिक्षा झाली असं एका शब्दानेही म्हणत नाही, हे खरं. ती नुसती पुढची गोष्ट सांगत जाते. मामाकडे गेलेला याकोब मामाच्या धाकट्या मुलीसाठी, राहेलीसाठी, सात वर्षं राबतो आणि लग्नाच्या रात्री अंधारात त्याच्या गळ्यात तिची थोरली बहीण, लेआ, बांधली जाते. सकाळी तो ओरडतो, मला का फसवलंत? मामा शांतपणे म्हणतो, आमच्या गावात थोरलीच्या आधी धाकटीला देण्याची रीत नाही. आमच्या गावात! कुणाला सांगतोय बघा. यावर मिद्राशमध्ये, म्हणजे जुन्या रब्बींनी, धर्मगुरूंनी, गोष्टींतून केलेल्या टीकेत, एक भर आहे. याकोब लेआला म्हणतो, रात्रभर मी राहेल म्हणून हाक मारली आणि तू ओ दिलीस? लेआ म्हणते, तुझ्या वडिलांनी एसाव म्हणून हाक मारली तेव्हा ओ कुणी दिली होती?

पुढे याकोबाचीच मुलं त्याला फसवतात. आपल्याच भावाला, योसेफाला, विकतात आणि त्याचा अंगरखा बोकडाच्या रक्तात बुडवून बापापुढे टाकतात. बापाला फसवायला याकोबाने करडाचं कातडं वापरलं होतं. त्याच्यासाठी बोकडाचं रक्त आलं. म्हातारपणी इजिप्तच्या राजाने वय विचारलं तेव्हा हा ‘मोठा झालेला’ माणूस म्हणतो : १३० वर्षं, थोडी आणि वाईट. तुमच्या भावाचं हसतं घर तुम्हाला नऊ वर्षं दुरून दिसलं असेल. आतून मला माहीत नाही, तुम्हालाही माहीत नाही.

आणि एसावाला या ग्रंथाने विसरलेलं नाही. आपला आशीर्वाद गेला हे कळल्यावर तो केवढ्याने हंबरडा फोडतो! ‘बाबा, तुमच्यापाशी एकच आशीर्वाद होता का? मलाही द्या ना.’ हे वाक्य मी वर्गात कधी शिकवलं नाही, शाळेच्या अभ्यासक्रमात कुठून असणार. पण शिकवलं असतं तर माझाच आवाज फुटला असता.

आता माझं सांगते.

चरईत आमची पागडीची खोली होती. आई लवकर गेली. भाऊ माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा, १९७१ साली इस्राएलला गेला, तिकडे दिमोना गावात स्थायिक झाला. वडिलांजवळ मी. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, ऑपरेशनला घाबरायचे. १९९४ साली घरमालकाचा माणूस आला : भाडेपावती कुणाच्या नावावर करायची ते आताच ठरवा, नंतर त्रास होईल. मी कागद तयार करून घेतला, एकटीच्या नावाचा. वडिलांचा हात धरून जिथे सही हवी तिथे पेन टेकवलं. त्यांनी विचारलं, ‘भावाला विचारलंस ना?’ मी म्हटलं, ‘हो.’

विचारलं नव्हतं. त्या काळी दिमोनाला फोन लावायचा तर एसटीडी बूथवर मीटर धावायचं, हे कारण मी पुढे स्वतःला पुष्कळदा दिलं. खरं कारण तुम्हाला ठाऊक आहे.

त्याच शनिवारी मी सिनेगॉगला, आमच्या प्रार्थनामंदिरात, गेले. टेंभी नाक्याजवळ आमचं शाआर हाशामायिम आहे, १८७९ साली बांधलेलं. या नावाचा अर्थ स्वर्गाचं दार. हे शब्द कुणाचे, दादा? याकोबाचे. भावाला लुबाडून पळताना पहिल्याच मुक्कामी तो दगड उशाला घेऊन निजला, स्वप्नात जमिनीवरून आभाळाला लागलेली शिडी पाहिली आणि दचकून उठून म्हणाला, ‘ही जागा किती भयंकर! हेच स्वर्गाचं दार.’ लहानपणापासून त्या दारातून आत जाणारी मी, त्या दिवशी मला ते नाव पहिल्यांदा नीट ऐकू आलं. पळपुट्याचे शब्द आहेत हे. मी मान खाली घालून आत गेले आणि नेहमीच्या जागी बसले.

वडील १९९७ साली गेले. आमच्यात दफनाला थांबत नाहीत, त्यामुळे भाऊ पोचला तो आठवड्याने. तिसऱ्या दिवशी त्याने कपाटातून भाडेपावती काढून पाहिली, घडी घालून परत ठेवली, परतीचं तिकीट अलीकडे करून घेतलं. त्यानंतर अकरा वर्षं पत्र नाही. नव्याच्या सणाचं, म्हणजे आमच्या नववर्षाचं, भेटकार्डसुद्धा नाही.

आता यब्बोकच्या काठावर परत या. पहाट होत आली, तो अनोळखी पुरुष म्हणतो, सोड मला. याकोब म्हणतो, आशीर्वाद दिल्याशिवाय सोडणार नाही. तेव्हा तो विचारतो, ‘तुझं नाव काय?’ ज्याने याला रात्रभर धरलंय त्याला नाव माहीत नसेल? पण हा प्रश्न याकोबाला पूर्वी एकदा विचारला गेला होता. आंधळ्या बापाने विचारलं होतं, ‘तू कोण, बाळा?’ तेव्हा आशीर्वादासाठी त्याने उत्तर दिलं, ‘मी एसाव, तुमचा थोरला.’ वीस वर्षांनी पुन्हा आशीर्वाद समोर आहे, पुन्हा तोच प्रश्न आहे, आणि या वेळी तो म्हणतो, ‘याकोब.’ एसाव रडत म्हणाला होता ना, याकोब हे नाव बरोबर ठेवलंय, दोनदा गंडवलं मला त्याने! टाच धरणारा, गंडवणारा. तो म्हणतो, होय, मी तोच. नवं नाव त्यानंतर मिळतं, त्याच्या आधी नाही.

माझ्या मते कुस्ती तिथे संपली. हे मत कुठल्या टीकाग्रंथात मला जसंच्या तसं मिळालेलं नाही, मास्तरीणबाईचं समजा.

२००८ साली आमची चाळ पाडायला निघाली, खोलीच्या जागी मला फ्लॅट मिळणार होता. आमचा योम किप्पूर, म्हणजे प्रायश्चित्ताचा दिवस, जवळ आला होता. आमच्या आज्या त्याला दारफाळणीचा सण म्हणायच्या, कारण त्या दिवशी दारं लावून, पांढरे कपडे घालून, उपास करून घरात बसायचं. पण दारं लावण्याच्या आधी एक काम असतं. मिश्नात, म्हणजे आमच्या जुन्या धर्मनियमांच्या ग्रंथात, स्पष्ट लिहिलंय : देव आणि माणूस यांच्यातली पापं हा दिवस धुतो, माणसामाणसांतली धूत नाही, जोवर तुम्ही त्या माणसाची समजूत काढत नाही. उपास कितीही कडक करा. हे वाक्य मी दरवर्षी ऐकत होते आणि चौदा वर्षं दुसऱ्या वाटेने पळत होते. म्हणून म्हटलं, नातवाचं पटतं.

फोन लावला. भावानेच उचलला. मी म्हटलं, ‘मी बोलतेय. बाबांनी विचारलं होतं, भावाला विचारलंस का. मी हो म्हटलं. खोटं बोलले.’ पलीकडे काही नाही. मग म्हणाला, ‘थांब, गॅसवर दूध आहे,’ आणि फोन ठेवला.

अर्ध्या तासाने त्याचा फोन आला. एवढंच विचारलं, ‘बाबांनी विचारलं होतं?’ म्हटलं, ‘हो.’ तो रडला. खोली गेली याचं त्याला जे काही वाटलं असेल ते वेगळं. पण बापाने आपली आठवण काढली होती हे त्याला चौदा वर्षं माहीत नव्हतं. मी खोलीबरोबर तेही घेऊन बसले होते. हे मला त्या फोनपर्यंत कळलं नव्हतं.

पुढच्या डिसेंबरात तो आला. मी खोलीच्या किमतीचा अर्धा हिस्सा काढून ठेवला होता, त्यासाठी सोनं मोडलं. आता इथे तोरा पुन्हा वाचायला हवी, कारण लोक मिठीपाशी थांबतात. याकोबाने भावाला पुढे नजराणा पाठवला होता : २०० शेळ्या, २० बोकड, २०० मेंढ्या, २० एडके, ३० दुभत्या सांडणी पिल्लांसकट, ४० गाई, १० बैल, २० गाढवी, १० गाढव. एसाव म्हणतो, ‘माझ्याकडे पुष्कळ आहे रे भावा, तुझं तुला राहू दे.’ याकोब आधी म्हणतो, माझी मिन्हा घे, म्हणजे नजराणा. आणि पुढच्याच वाक्यात शब्द बदलतो : माझी ‘बेराखा’ घे. बेराखा म्हणजे आशीर्वाद. वीस वर्षांपूर्वी एसाव ज्यासाठी हंबरडा फोडून रडला, तोच शब्द. चोरीचा माल तो नावासकट परत करतोय.

आणि एसाव घेतो. हे फार महत्त्वाचं आहे दादा. ‘राहू दे, मला काही नको’ म्हणणाऱ्याला आपण मोठ्या मनाचा म्हणतो, पण त्याने समोरच्याची सुटका होत नाही. माझा भाऊही आधी म्हणाला, ‘माझं आहे माझ्यापाशी.’ मी पाकीट त्याच्या बॅगेवर ठेवलं. त्याने उचलून आत टाकलं, आणि वर म्हणाला, ‘बाबांचा किद्दूशचा पेलाही दे.’ शुक्रवारी संध्याकाळी काळ्या मनुकांचं सरबत वडील ज्यातून प्यायचे तो चांदीचा पेला. तो मला द्यायचा नव्हता. दिला.

आता तुमचा मुका. हिब्रूत तो एक शब्द आहे, ‘आणि त्याने त्याचा मुका घेतला’, सहा अक्षरांचा. तोराची हस्तलिखित गुंडाळी उघडलीत तर तिच्यात काना-मात्रा काही नसतात, नुसती अक्षरं. पण या शब्दाच्या सहाही अक्षरांच्या डोक्यावर एकेक टिंब आहे. अख्ख्या तोरात अशी टिंबांची ठिकाणं दहाच. नकलून घेणारा प्रत्येक लेखनिक ती टिंबं इमानाने काढत आलाय, आणि ती कशासाठी आहेत यावर वाद. एक जण म्हणतो, टिंबं आहेत कारण मुका मनापासूनचा नव्हता. एक जण तर म्हणतो, तो चावायला आला होता, याकोबाची मान संगमरवराची झाली, म्हणून दोघं रडले : एक मानेसाठी, दुसरा दातांसाठी! (आमच्या रब्बींना विनोदाचं वावडं नाही.) आणि रब्बी शिमोन बार योखाय म्हणतात, एसाव याकोबाचा द्वेष करतो हे सगळ्यांना माहीत आहे, तरी त्या क्षणी त्याचं आतडं तुटलं आणि त्याने अगदी मनापासून मुका घेतला. राशीने मनापासूनचा नव्हता आणि होता, ही दोन्ही मतं शेजारी शेजारी ठेवली आणि निकाल दिला नाही.

शिमोन बार योखाय काही भाबडे नव्हते. रोमनांच्या जुलमातून लपून राहिलेला माणूस, आणि एसाव म्हणजे रोम असंच त्या काळचे ज्यू समजत. ते ‘त्या क्षणी’ म्हणतात. आधीचं धरत नाहीत, नंतरचं वचन देत नाहीत. तुमचं मन स्वच्छ झालंय की नाही हे तपासत बसलात तर लग्नाचा मुहूर्त टळून जाईल.

नंतरचं सांगायचं तर, एसाव म्हणतो चल बरोबर जाऊ. याकोब म्हणतो, तू हो पुढे, मुलं लहान आहेत, गुरं दमलीत, मी हळूहळू सेईरला तुझ्याकडे येतो. आणि सेईरला जातच नाही. दुसरीकडे वळतो, घर बांधतो. पुन्हा थाप? काहींना तसं वाटतं. मला वाटतं, दोघांनाही ठाऊक होतं. मीही भावाला दरवर्षी म्हणते दिमोनाला येते. अजून गेलेले नाही. तो शुक्रवारी दुपारी फोन करतो, पाऊस, गुडघे, मटणाचा भाव यांवर बोलतो. खोलीचा विषय कोणी काढत नाही.

हे दोघे भाऊ ग्रंथात एकदाच पुन्हा एकत्र दिसतात. बाप गेल्यावर. ‘आणि एसाव व याकोब या त्याच्या मुलांनी त्याला पुरलं.’ एसावाचं नाव आधी, थोरला म्हणून. तुमच्या घाटावरच्या दोन टोकांबद्दल वाचलं तेव्हा मला हे वाक्य आठवलं.

तर लग्नाला जायचं की नाही? जा. पण पत्रिका म्हणजे माफी समजू नका. बाराव्या शतकातले रांबाम, म्हणजे मायमोनिदीस, यांचा नियम असा की घेतलेले पैसे परत केले तरी काम संपत नाही, तोंडाने क्षमा मागावी लागते. आणि तीन मित्रांना घेऊन, पहिल्यांदा, दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा जाऊनही समोरचा बधला नाही, तर पुढचं पाप त्या न बधणाऱ्याचं. तुमचा भाऊ एकदा आलाय, तेही हातात पत्रिका घेऊन. हिशोबाने अजून त्याच्या फेऱ्या शिल्लक आहेत आणि तुम्ही पापी झालेला नाहीत, निश्चिंत असा. त्याने ‘याकोब’ म्हटलंय का? नाही. मग तुम्ही ‘झालं गेलं’ असं घाईने म्हणू नका. ते त्याच्या तोंडचं वाक्य तुम्ही हिसकावून घ्याल. पुतणीच्या डोक्यावर अक्षता टाका, तिने तुमचं काही घेतलेलं नाही. पंगतीला बसा. त्या दिवशी घराचा विषय निघालाच तर म्हणा, लग्नानंतर घरी ये, बोलू. आणि तो आला तर पेपर बाजूला ठेवा. हक्काचं काही परत देऊ केलं तर पहिल्या फटक्यात नको म्हणा, हरकत नाही, पण दुसऱ्या आग्रहाला घ्या. बक्षीसपत्र कायद्याने मोडता येतं का, ते मला विचारू नका, वकिलाला विचारा, आणि ती भेट लग्नाच्या आठवड्यात ठेवू नका.

नाहीच आला, तर काय करायचं हे मला सांगता येत नाही. मी फोन करणाऱ्यांपैकी आहे. अकरा वर्षं त्या फोनजवळ बसणं कसं असतं, हे माझ्या भावाला विचारावं लागेल.

प्रश्न : तुमच्या लोकांत मटणाच्या मांडीतली शीर काढून टाकतात म्हणे. ती का? (गृहिणी, वाशी)

याच कुस्तीमुळे. याकोबाचा खुबा निखळला, सूर्य उगवला तेव्हा तो लंगडत चालला होता, आणि तोरा लगेच सांगते : म्हणून इस्राएलाचे वंशज आजपर्यंत मांडीतली ती शीर खात नाहीत. खुब्यातून पायात उतरते ती, डॉक्टर जिला सायटिक नर्व्ह म्हणतात तीच. ती पूर्णपणे काढणं किचकट काम, म्हणून पुष्कळ देशांतले ज्यू जनावराचा मागचा भाग घेतच नाहीत. आमच्या घरी घ्यायचे. वडील शुक्रवारी सकाळी ओट्यावर पाट ठेवून, लहान सुरीने मांडी उकलून ती काढायचे. हे काम त्यांनी भावाला शिकवलं होतं, मला नाही. ते गेल्यावर मी मांडीचं मटण आणणंच सोडून दिलं.

भाऊ त्या डिसेंबरात आला तेव्हा बाजारात स्वतः गेला आणि मांडी घेऊन आला. चष्मा कपाळावर चढवला, माझी बोटं धरून आत घातली, म्हणाला, ‘ही बघ, इथून सुरू होते.’ सुतळीसारखी, पांढुरकी, ओली. त्याने दोन हिसक्यांत काढली. ‘बाबा एकात काढायचे,’ म्हणाला. निघायच्या दिवशी, दारात, आमच्या पद्धतीची हातबोशी झाली : त्याच्या बोटांची टोकं माझ्या बोटांना लागली, मग दोघांनी आपापली बोटं ओठांना लावली. मांडीचं मटण मी आता पुन्हा आणते. मला अजून पाच-सहा हिसके लागतात आणि मटण फाटतंच.